फळ्या जागेवर

पाऊस सुरू झाला की माणसं छत्री उघडतात, आमचे साहेब मिटायचे. भर उन्हाळ्यात कोरड्या नदीतून काळी छत्री डोक्यावर धरून हिंडायचे, आणि ढग गळायला लागले की तीच छत्री काखेत मारून भिजत उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, छत्रीवर पाऊस वाजतो, मंग नदी काय करून राह्यली ते ऐकू येत न्हाई. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या आत आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, ह्या माणसाच्या घरी कुणी विचारणारं हाय का न्हाई?

होतं ना. बायको होती, शाळेत शिकवायची, सगळे तिला मॅडम म्हणायचे. साहेब मूळचे जाफ्राबादकडच्या टेंभुर्णीचे, आमच्यासारखेच जय भीमवाले. शिकून पाटबंधारे खात्यात उपअभियंता झालेले. हुद्दा मोठा, पण रस्त्यानं असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं ह्या बाबाचं काहीतरी पडलंय आणि सापडत नाहीये. खिशात कायम भाजलेल्या शेंगा. शेंग फोडायची, दाणे तोंडात, टरफल गटारीत, आणि मग त्या टरफलाच्या मागं मागं चालत जायचं. गल्लीच्या वरच्या टोकाला टाकलेलं टरफल नदीपर्यंत पोचलं तर साहेब खूश. मधेच कुठं अडकलं की त्या घराची कडी वाजवायचे. "तुमच्या दारात पानी थांबून राह्यलंय," एवढं बोलायचे आणि पुढं चालू पडायचे. सकाळी सकाळी परका पुरुष दारात उभा, बोट गटारीकडं. कोणत्या बाईला बरं वाटेल? मी तर एकदा चांगलं सुनावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला शेंगा दिल्या.

साहेब वारले त्याला आता वर्ष होत आलं. गल्लीत अजून कुणाची गटार तुंबली की कुणीतरी म्हणतंच, साहेब असते तर आतापर्यंत कडी वाजली असती. हसतो आम्ही. पण ते हसणं फार वेळ टिकत नाही.

आमची गल्ली जालन्यात, कुंडलिकेच्या काठाला. गल्ली संपते तिथं नदीची भिंत. पुराचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून पूर्वी कधीतरी बांधलेली, दगडाची, ठेंगणी. त्या भिंतीत आमच्या गल्लीसमोर बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा सोडलेली होती. कागदावर तिला काय म्हणत असतील ते म्हणोत, आम्ही खिंड म्हणायचो. खिंडीतून उतरलं की नदी, आणि नदीतल्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या दगडी वाटेवरून, पलीकडं गेलं की बाजार. बायकांचं धुणं, पोरांचं क्रिकेट, गणपती, सगळं त्याच वाटेनं. गवळीमामांच्या म्हशी सकाळ-संध्याकाळ तिथूनच पाण्यावर जायच्या. माझं शिलाई मशीन खिंडीला लागून असलेल्या ओट्यावर. नदीवरून येणारा वारा आधी माझ्या अंगाला लागायचा आणि मग गल्लीला. म्हणून खिंडीवर माझा जीव जरा जास्तच होता, खोटं कशाला बोलू.

साहेब आले ते ही भिंत वाढवायच्या कामावर. दिल्लीहून पैसा येणार होता, पण भिंत दिल्लीच्या निकषात बसायला पाहिजे होती. मोठ्यात मोठा पूर धरून उंची, पायथ्याला गाडी फिरेल एवढी मोकळी पट्टी, आणि भिंतीत कुठंही भोक नको. गल्लीला एवढंच कळलं की खिंड बुजणार. गवळीमामा तर भांडायलाच गेले. मामांचा देह पैलवानी आणि आवाज म्हशींना हाका मारून मारून फाटलेला. म्हशी काय भिंतीवरून उड्या मारत न्यायच्या का, म्हणाले. पुलावरून वळसा घालायचा तर अर्धी सकाळ तिथंच जाणार, आणि हमरस्त्यावर ट्रक. साहेबांनी त्यांनाही आधी शेंगा दिल्या.

"बुजवायची कोन म्हन्लं?" साहेब म्हणाले. "दार हाय तर दाराला फळ्या लावू. लावायच्या कुनी, तेवढं सांगा."

"आम्ही लावू की," मामा म्हणाले.

"बराबर लावान?"

"लावू म्हन्लं ना."

एवढ्या बोलण्यावर सगळं ठरलं. साहेबांनी खिंडीच्या दोन्ही अंगांना सिमेंटमध्ये उभ्या खोल खाचा करून घेतल्या. खात्याच्या गोदामात जुन्या बंधाऱ्याच्या जाड सागवानी फळ्या पडून होत्या, त्या आणल्या. पाणी चढायला लागलं की फळ्या वरून खाचांत सोडायच्या, एकावर एक. अशा दोन रांगा, आणि मधल्या फटीत मातीची पोती ठासायची. पोत्यांची तोंडं शिवायचं काम माझ्याकडं. दाभण-सुतळीनं मी शिवायची आणि हा माणूस टाके ओढून बघायचा. मी लोकांची लग्नाची ब्लाउजं शिवलेली बाई. माझे टाके आजवर कुणी ओढून बघितले नव्हते.

दर वर्षी मृग लागायच्या आधी, रविवारी, कवायत. साहेबांच्या गळ्यात शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी शिट्टी. ती वाजवायची आणि मोठ्यानं विचारायचं, "फळ्या?" गल्लीनं एका आवाजात म्हणायचं, "जागेवर!" मग पळापळ. पहिल्या वर्षी अर्धी गल्ली हसूनच पडली. दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. पुढं पुढं तर दुसऱ्या गल्लीतले लोक बघायला येऊन उभे राहायला लागले, आणि आमच्या गल्लीतले दगडकामवाले बेलदार, एरवी कुणाचं ऐकून न घेणारे, फळ्या खांद्यावर घेऊन असे चालायचे की जशी झेंड्याची मिरवणूक.

कवायत मनासारखी झाल्याशिवाय साहेब गल्लीत पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. पोतं वाकडं बसलं, पुन्हा. फळी आपटली, पुन्हा. पार घाम निघायचा. आणि एकदा का नीट झालं की मग घरोघर चहा. कुणाचाही सोडायचे नाहीत. बशीत ओतून, फुंकर मारून, निवांत. माझ्या सासूबाई त्यांना कप दोनदा भरून द्यायच्या आणि नंतर मला म्हणायच्या, येडाच हाय पन आपला हाय.

त्या प्रश्नाचीच त्यांना सवय लागली. बाजारात गाठ पडली, आपण जय भीम म्हटलं, की ते "जय भीम. फळ्या?" आपण जागेवर म्हणायचं, मगच पुढचं बोलणं. लग्नात विचारायचे. एकदा तर दवाखान्यात विचारलं, तेही बाळंतिणीला, आणि तिनं पडल्या पडल्या उत्तर दिलं.

फळ्या समाजमंदिराच्या व्हरांड्यात रचलेल्या असायच्या. आम्ही म्हटलं दार करू, कुलूप लावू, कुणी चोरून नेईल. साहेबांनी हातच जोडले. "पानी यील त्या दिवशी चावीवाला राजूरच्या गणपतीला गेलेला ऱ्हातो," म्हणाले. "कुलूप बिलकुल न्हाई. तुम्हीच लक्ष द्या." आम्ही लक्ष दिलं. चोरी कधी झाली नाही.

प्रत्येक फळीला एकेका घराचं नाव लावलं होतं, त्यावरूनही रुसवेफुगवे. सगळ्यात खालची फळी कुणालाच नको. चिखलात जाणारी, दिसणारही नाही. बेलदार म्हणाले गवळ्यांनी घ्यावी, गवळी म्हणाले आम्हीच का. साहेब ऐकत उभे होते. मग म्हणाले, "ती माझी. सगळ्या पान्याचा जोर खालच्या फळीवर ऱ्हातो. वरच्यांना वाटतं आपुनच अडवून राह्यलो." बोलताना त्यांनी कुणाकडं बघितलं नाही, पण आमच्या घरांतली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून हसली.

उरलेली भिंत वाढत वाढत आमच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबली, राहिली फक्त खिंड. ती बघायला वरून पथक आलं. त्यात एक तरुण बाई होत्या, हुशार, बोलायला गोड. त्यांनी खाचा बघितल्या, फळ्या बघितल्या, मी शिवलेली पोतीसुद्धा हात लावून बघितली. चांगलं आहे म्हणाल्या. पण हे निकषात बसत नाही, सर, ही सगळी रचना माणसांवर अवलंबून आहे. माझ्या ओट्यासमोरच हे बोलणं चाललं होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"भिंत बी मान्सांनीच बांधली न्हवं?" साहेब म्हणाले.

बाई हसल्या. म्हणाल्या, बांधून माणसं निघून जातात, भिंत राहते. इथं दर वेळी माणसं हजर पाहिजेत. एखाद्या वेळी नसली तर?

"ही गल्ली हजर ऱ्हाती," साहेब म्हणाले. "माझी गॅरंटी."

पथक गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. साहेबांनी खिंडीचा कागद कधी ह्या कारणानं, कधी त्या कारणानं अडकवून ठेवला. वरचे साहेब चिडले. मॅडम एकदा ब्लाउज शिवायला आल्या तेव्हा बोलून गेल्या की ह्याच पायी ह्यांची बढती राहिली, ह्यांच्या मागून लागलेले वर गेले. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, ताई, वर जाऊन काय करू, फळी माझी खालची हाय. आणि टरफलाच्या मागं निघून गेले. आमच्यासाठी कुणी स्वतःचं नुकसान करून घेतलं असं गल्लीत आजवर घडलं नव्हतं. त्यामुळं त्याचं काय करायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

सप्टेंबरअखेर साहेब रिटायर होणार होते. गल्लीनं ठरवलं, सत्कार करायचा आणि असा करायचा की खात्यानं बघत राहावं. वर्गणी झाली, शाल आली, फेटा आला, माझ्याकडं खुर्चीची झालर शिवायला आली. मी मखमल वापरली, साधी नाही. आणि ऐन त्या दिवशी मंडपवाल्याचा फोन, स्टेज मंठ्याला कुणा पुढाऱ्याच्या सभेला गेलंय, येत नाही. आता काय साहेबांना जमिनीवर बसवायचं?

फळ्यांची कल्पना कुणाची हे गल्लीत आजही कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. खरं सांगायचं तर ती ऐकली तेव्हा सगळ्यांना इतकी आवडली की दुसरं काही सुचलंच नाही. त्यांच्याच फळ्या, त्यावर त्यांची खुर्ची. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊसकाळ त्या वर्षी तसाही ओढलेला होता, नदीत गुडघाभर पाणी नव्हतं. बेलदारांनी विटांचे थर लावले, खाली आडवे वासे टाकले आणि खुर्ची हलू नये म्हणून फळ्या लांब लांब खिळ्यांनी ठोकून पक्क्या केल्या. खुर्चीखाली मुद्दाम साहेबांची स्वतःची फळी घेतली. वर सतरंजी. लई देखणं झालं होतं ते स्टेज, मी नाही म्हणणार नाही.

साहेब दुपारी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्यावर शिट्टी. ती काही मॅडमना काढायला लावता आली नव्हती. फेटा बांधून घेताना लाजून लाजून लाल झाले होते. गवळीमामांनी भाषण केलं. मामा आणि भाषण! आमच्या म्हशी ह्या माणसामुळं पाण्यावर जातात, एवढं बोलले आणि पुढं त्यांना बोलता येईना. मग त्यांनी शाल उघडली. ती साहेबांच्या एका खांद्यावर पडली असेल तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

वरच्या तलावाच्या चौकीदाराचा फोन. परतीचा पाऊस वर डोंगरात असा कोसळला होता की सांडव्यात पाणी मावत नव्हतं. आमच्याकडं नुसतं भुरभुरत होतं. साहेब उभे राहिले. शिट्टी तोंडात घेतली, वाजवली आणि विचारलं, "फळ्या?"

कुणीच बोललं नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा तोच प्रश्न. मी त्यांच्या पायांकडं बघितलं. माझ्याकडं बघून माझ्या शेजारणीनं बघितलं. मग सगळी गल्लीच त्यांच्या पायांकडं बघायला लागली, आणि शेवटी त्यांनी स्वतःही खाली बघितलं. चपलेच्या टोकानं सतरंजी बाजूला सारली. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला आठवायचा नाही, पण आठवतो.

पुढं जे झालं ते नीट सांगता येणार नाही. पहारी आणल्या, फळ्या उचकटायला घेतल्या. बेलदारांनी काम चोख केलेलं, खिळे निघता निघेनात. साहेबांची फळी मधोमध चिरली. ज्या निघाल्या त्यांतून वाकडे खिळे बाहेर आलेले, त्यामुळं त्या खाचांत सरकेनात, मधेच अडकून बसल्या. तोवर नदीनं फरशी गिळली. साहेब खिंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे, डोक्यावर फेटा तसाच. पोती दिली, सतरंजी दिली, टेबल दिलं, माझी मखमलीची झालरसुद्धा कुणीतरी कोंबली. शेवटी त्यांनी स्वतःची शाल काढून फटीत घातली. काही उपयोग झाला नाही. पाणी अडकलेल्या फळ्यांच्या खालून आलं आणि घराघरांत शिरलं.

माणूस कुणी गेलं नाही. धान्य गेलं, अंथरुणं गेली, माझं मशीन चिखलात बसलं. आणि गवळीमामांची म्हैस गेली. गाभण होती. मामा खिंडीत साहेबांच्या शेजारी पोती देत उभे होते, आणि ती तिकडं दावणीला बांधलेली राहिली.

पाणी उतरल्यावर आम्ही सगळे वाट बघत होतो साहेब आता कसं तासतात त्याची. एक पोतं वाकडं बसलं तर गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. बोलले असते तर बरं झालं असतं. ते समाजमंदिराच्या पायरीवर बसले, पक्कड मागून घेतली आणि फळ्यांतले खिळे काढत राहिले. निघेल तो खिळा शर्टाच्या खिशात. पांढऱ्या शर्टाचा खिसा गंजानं माखला. मॅडम बाजूला उभ्या होत्या. सासूबाईंनी कुठून तरी स्टो पेटवून चहा केला आणि कप पुढं धरला. साहेबांनी मान हलवली. चहा न घेता गेले.

आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सहीनं कळवलं की खिंड काँक्रीटनं कायमची बंद करावी. आम्हाला ते कळलं मिक्सर दारात आल्यावर.

आता भिंत उंच आहे, सरळ आहे, निकषात बसते. उद्घाटनाला मोठी माणसं आली, फीत कापली. साहेबांना निमंत्रण गेलं होतं, ते आले नाहीत. गवळीमामांच्या उरलेल्या म्हशी कितीतरी दिवस संध्याकाळी सुटल्या की सवयीनं तिथं जायच्या आणि भिंतीला नाक लावून उभ्या राहायच्या. मामांनी शेवटी त्या विकून टाकल्या. साहेबांचं नाव निघालं की मामा उठून आत जायचे. माझ्या ओट्यावर आता वारा येत नाही, पंखा घेतला.

फळ्या तेवढ्या राहिल्या. धुऊन, पुसून, पुन्हा समाजमंदिराच्या व्हरांड्यात. त्यांचा आता काय उपयोग? पण एका नव्या सुनेनं माळ्यासाठी एक मागितली तर सगळ्या गल्लीनं तिला असं धारेवर धरलं की बिचारी रडली. दर वर्षी मृगाच्या आधी कुणीतरी त्यांना तेल लावून जायचं. कोण ते मला ओट्यावरून दिसायचं. मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर मामांनी तेल लावायचं बंद केलं असतं.

एका पावसाळ्यात नदी पुन्हा आली. त्या वेळेपेक्षा मोठी. नव्या भिंतीला घासून गेली, गल्लीत थेंब नाही. आम्ही गच्चीवरून बघत होतो. भिंतीला नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि तेच मनाला लागत होतं. मामा माझ्या शेजारी उभे होते. पाणी बघून झाल्यावर म्हणाले, ताई, टेंभुर्णीला जाऊन येऊ का?

गेलो आम्ही, जाफ्राबादच्या एसटीनं. साहेब अंगणात बसले होते, वाळले होते. आम्हाला बघून उठले, शेंगांची टोपली पुढं केली. शिट्टी दाराच्या चौकटीला लटकवलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामा नुसत्या शेंगा फोडत बसले. शेवटी मीच विचारलं, साहेब, इतकी वर्षं ज्या खिंडीसाठी भांडले, ती आपल्याच हातानं का बुजवली? आमचा राग आला म्हणून?

"राग कशाचा?" ते म्हणाले. "तुम्ही फळ्या इसरले असते तर मी पुन्हा शिकवलं असतं. चोरी झाली असती तर नव्या आणल्या असत्या. तुम्ही त्या माझ्यासाठी काढल्या. मंग कमजोर जागा कोनती? मीच न्हवं? सगळी भिंत तपासली, तेवढी एक जागा मला दिसलीच न्हाई."

मला रडू आलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, असं नका म्हणू, आम्ही येडी माणसं. ते म्हणाले, येडी न्हाईत, लई चांगली हायेत, म्हनून तर भिंत लागती. मॅडम चहा ठेवते म्हणाल्या, पण आम्ही म्हटलं एसटीची वेळ झाली. खरं म्हणजे वेळ होता. कुणालाच बसवत नव्हतं.

साहेब आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत पाऊस लागला. मी सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी काखेतली छत्री काढली आणि उघडली. चार माणसं उघडतात तशी, डोक्यावर धरली आणि चालायला लागले. मी म्हटलं, साहेब, हे काय? तर म्हणाले, आता काय ऐकायचंय, ताई. इथं नदी थोडीच हाय.

एसटी आली. मी चढले. मामा पायरीवर एक पाय ठेवून थांबले. कंडक्टर ओरडला तरी तसेच उभे. मग वळले आणि त्या फाटक्या आवाजात, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "साहेब, फळ्या जागेवर हायेत."

साहेबांचे ओठ हलले, पण पावसात मला काही ऐकू आलं नाही. मामा वर आले आणि माझ्याकडं न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सुटली. मागच्या काचेतून बघितलं तर साहेबांनी छत्री मिटून काखेत मारली होती, आणि गाडी वळेपर्यंत ते तसेच भिजत उभे होते.

पुन्हा जाऊ, चहाला जाऊ, असं आम्ही येताना ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.